बँडसॉच्या वर्गाला आपण दिलेल्या दोन स्टारांबद्दल

नमस्कार सर,

रविवारी बँडसॉवर, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या विजेच्या करवतीवर, लाकडी चमचा कापायला शिकताना आपला हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. भुशाचा त्रास झाला हेही खरं. आमचा सक्शन पंखा जुना आहे, त्याचं बघतो.

पण '२,५०० रुपये घेऊन जेमतेम ३५ मिनिटं मशीनवर, बाकी नुसतं भाषण' हे वाचून रात्री झोप लागली नाही. 'भाषण' हा शब्द लागला. म्हणून थोडा हिशोब मांडतो.

वर्ग साडेनऊ ते दीड. मशीन एक, शिकणारे सहा. पहिला तास मशीन बंद असतं. पातं चढवायचं, ताण द्यायचा, चाक हातानं फिरवून पातं जागेवर चालतंय ना ते बघायचं, मग पात्याला दोन्ही बाजूंनी सरळ धरणारे गाइड आणि मागून टेकू देणारं बेअरिंग जुळवायचं. उरले १८० मिनिटं. त्यातली १५ चहाची. १६५ भागिले सहा, साडेसत्तावीस. म्हणजे आपल्याला साडेसात मिनिटं जास्तच मिळाली. आपण आलात १० वाजून २० मिनिटांनी. मी दोनदा फोन केला होता. तो पहिला तास झाल्याशिवाय मी कुणालाच स्विचला हात लावू देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. म्हणून बाकीचे चहाला गेले तेव्हा आपल्याला एकट्याला सगळं पुन्हा दाखवलं. माझा चहा तसाच गार झाला. अभिप्रायात त्याबद्दल एक ओळ नाही.

हातमोजे सगळ्यांसमोर काढायला लावले, याचा राग आलेला दिसतो. आवाज चढला असेल तर माफ करा. पण मोज्याचा एक धागा दात्यात अडकला तरी पातं मोज्यासकट हात खाली ओढतं. तिथे हळू आवाजात सांगणं मला जमत नाही.

आता 'मशीन खराब, पातं निसटलं' याबद्दल. चमच्याची मान आपण फारच आवळ आखली होती. ६ मिलिमीटर रुंदीचं पातं साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळतं. त्याहून आवळ वळण असलं की आधी बाहेरून रेघेपर्यंत छोटे सरळ काप घ्यायचे, म्हणजे तुकडे गळून पडतात आणि पात्याला फिरायला जागा होते. बाकी पाच जणांनी तसंच केलं. आपण थेट वळवलंत, पातं अडकलं आणि मशीन चालू असतानाच लाकूड मागे ओढलंत. लाकडाबरोबर पातंही पुढे येतं आणि चाकावरून उतरतं. तेच झालं. अडकलं की आधी बंद करायचं, हे मी चहाच्या वेळी सांगितलं होतं. पातं वाकलं, नवं मी माझ्या खर्चानं लावलं. पैसे मागितले नाहीत, मागणारही नाही. पण मशीनला नावं ठेवू नका सर, त्याचे हप्ते अजून चालू आहेत, आणि लोक स्टार बघूनच फोन करतात.

सागवान का नाही दिलं म्हणालात. सागात सिलिका असते, त्यानं पातं लवकर बोथट होतं. नवशिक्याला आंब्याचं लाकूड बरं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मी स्वतः निवडून आणतो, गाठी नसलेलं.

बाकी सूचनांची नोंद घेतली आहे. पुढच्या बॅचपासून वेळापत्रक मेसेजमध्ये ठळक टाकू, जमलं तर पाचच जण घेऊ.

आपला अर्धवट चमचा खिडकीत ठेवलाय. मान तेवढी राहिली आहे. कुठल्याही रविवारी या, वेगळे पैसे नाहीत. फक्त आदल्या दिवशी फोन करा, आणि साडेनऊ म्हणजे साडेनऊ.