बाळाचं नाव पेन्सिलीने लिहा

आपल्या घराण्यात ब्रिटिश ‘सर’की पिढ्यान्‌पिढ्या चालावी असं वाटत असेल, तर पहिलं पथ्य पाळा: मुलाच्या नावात फार जीव गुंतवू नका. बारसं करा, पेढे वाटा, पण नाव पेन्सिलीने लिहा. पुढे खोडायला बरं पडतं.

थट्टा नाही. मुंबईच्या जमशेटजी जीजीभायांचं घराणं बघा. सुरुवात रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यापासून, मग चीनला कापूस आणि अफू. अफू म्हटल्यावर नाक मुरडू नका. पदवीला भांडवल लागतं, आणि त्यातलं थोडं इस्पितळात, थोडं कलाशाळेत घातलं की वास जातो. १८४२ साली ते ‘सर’ झाले, पण ती पदवी माणसाबरोबर संपणारी. १८५७ साली मिळाली बॅरोनेटची, म्हणजे वारसाला जाणारी. (साल बघितलंत? देशात उठाव पेटलेला असताना राणीच्या मर्जीत असणं, याला वेळ साधणं म्हणतात.) मात्र बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची मिळत नाही, नुसतं नावाआधी ‘सर’.

१८५९ साली जमशेटजी वारले आणि १८६० साली खास कायदा झाला: पदवी ज्याच्याकडे येईल त्याने मूळपुरुषाचंच नाव घ्यायचं. थोरले चिरंजीव कर्सेटजी, पंचेचाळिशी उलटलेले, ते जमशेटजी झाले. १८७७ मध्ये माणेकजी जमशेटजी झाले. १८९८ मध्ये पदवी मुलाकडे न जाता भावाकडे गेली, म्हणून कावसजी जमशेटजी झाले. १९०८ मध्ये रुस्तमजी. तेही जमशेटजीच! आपल्याकडे पोरानं बापाचं नाव काढलं की कौतुक होतं. इथे स्वतःचं काढून टाकायचं. फायदाही आहे म्हणा, दारावरची पाटी रंगवायचा खर्च वाचतो.

मुलगी थोरली, हुशार, घर सांभाळणारी असली तरी तिला या भानगडीत ओढू नका. ही पदवी मुलीच्या वाटेला जात नाही. दत्तक घेऊनही भागत नाही, औरसच लागतो. शिवाय वडील गेले म्हणून आपोआप ‘सर’ होता येत नाही. लंडनला बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही असते. जन्माचे, लग्नाचे दाखले दाखवून तिच्यात नाव चढवावं लागतं. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे घातलेल्या माणसाला हे जमेल. उलट इथे पदवीच्या वाटण्या होत नाहीत, त्यामुळे भाऊबंदकी कमी.

आता ऐन वेळी चिरंजीव अडून बसले, ‘माझं नाव मी का सोडू’ म्हणाले, तर रागावू नका. घरातल्या सुनेला बोलवा. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा तिने ते पाच मिनिटांत कसं स्वीकारलं, हे तिच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. तिला बदल्यात ‘सर’ही मिळालं नव्हतं.

आणि बायकांची आठवण ठेवत नाहीत असं कोणी म्हणालं, तर त्याला माहीमला न्या. तिथला कॉजवे पहिल्या जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशाने झाला, दीड लाखाहून अधिक रुपये दिले त्यांनी. तिथल्या मोठ्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. लेडी जमशेटजी मार्ग.