न्यू इंग्लिश स्कूल 'राष्ट्रीय शाळा' होती, पण कोणत्या अर्थाने?

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलवर दरवर्षी तेच तेच लिहून येतं: टिळक, आगरकर, चिपळूणकर, देशभक्ती, त्याग. खोटं नाही, पण अर्धवट आहे. ही शाळा नेमकी कशाच्या बळावर चालली हे त्यातून कळत नाही.

आधी एक दुरुस्ती. १८८० च्या जानेवारीत शाळा उघडली तेव्हा आगरकर शिक्षकांत नव्हते. बेत आखण्यात ते पहिल्यापासून होते, पण एम. ए. उरकून रुजू झाले १८८१ मध्ये. सुरुवात केली ती चिपळूणकर आणि टिळकांनी; लगोलग नामजोशी आले आणि त्याच वर्षी वामन शिवराम आपटे. भाषणांत आपट्यांचं नाव सहसा येत नाही. शाळेचा रोजचा गाडा मात्र त्यांनी हाकला, आणि संस्कृत कोशही त्यांचाच.

आता मुद्दा. या शाळेचा अभ्यासक्रम अजिबात बंडखोर नव्हता. मुलगा मराठी इयत्ता संपवून इंग्रजी शाळेत यायचा आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिकला बसायचा. परीक्षा मुंबई विद्यापीठाची, म्हणजे शिकवायचं काय हे तिथेच ठरलेलं. वरच्या वर्गांचं माध्यम इंग्रजी. या चौकटीबाहेर जाणारी शाळा पालकांनी महिनाभरात रिकामी केली असती, कारण मॅट्रिकशिवाय ना कॉलेज, ना बरी नोकरी. म्हणून या मंडळींनी परीक्षेशी भांडण केलं नाही, ती जिंकली. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती या शाळेची मुलं वरचेवर पटकावू लागली, आणि खाजगी शाळा म्हणजे सरकारी हायस्कुलात जागा न मिळालेल्यांची सोय हा समज गळून पडला. १८८२ मध्ये चिपळूणकर वारले, त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणांवर वृत्तपत्रांत केलेल्या टीकेबद्दलचा बदनामीचा खटला) टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, तरी शाळा डगमगली नाही. ही पुण्याई निकालांची.

नवेपणा होता तो मालकीत. सरकारी खातं नाही, मिशन नाही, एखादा शेठ नाही, शिक्षकच चालक. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि पाठोपाठ फर्ग्युसन कॉलेज, नाव थेट मुंबईच्या गव्हर्नरांचं! (यावर नाक मुरडणाऱ्यांनी त्या काळी कॉलेज काढायला काय काय लागे ते पाहावं.) आजीव सभासदाने, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षक-चालकाने, वीस वर्षं सेवा करायची, पगार पुढे महिना ७५ रुपयांवर स्थिरावला.

खटका उडाला तोही इथेच. सभासदाने बाहेरची कामं आणि कमाई करावी का? टिळकांचं म्हणणं, अजिबात नाही. सगळा वेळ संस्थेचा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, संसार मोठा, पगार तुटपुंजा, मग फावल्या वेळात कमावलं तर बिघडलं काय? टिळक-आगरकर वाद म्हटलं की लोक फक्त सामाजिक सुधारणा आठवतात. तो होताच. पण माझ्या मते संस्था दुभंगली ती या पगाराच्या प्रश्नावर, कारण मतभेद घेऊनही एका वर्गखोलीत शिकवता येतं, पगारपत्रकावर मात्र एकच आकडा लिहावा लागतो. संस्थेतलेच एक शिक्षक गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचं (पुण्यातली राजकीय संस्था) काम पत्करलं, ते टिळकांना याच नियमात बसेना. १८९० मध्ये टिळकच बाहेर पडले. गोखले राहिले, आणि १९०२ मध्ये निवृत्त झाले ते महिना ३० रुपये पेन्शनवर.