‘या वयात असले चोचले कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ताठरता गेलेल्या पुरुषांच्या लिंगात ऑपरेशनने बसवायच्या इम्प्लांटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘साठीनंतर असले चोचले कशाला? नवं तंत्रज्ञान म्हणजे कंपन्यांचा धंदा.’ यातलं पहिलं मला अजिबात पटलेलं नाही, दुसऱ्यात थोडं तथ्य आहे.

हे ऑपरेशन करून कोण घेतं? प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढताना शेजारच्या नसांना इजा झालेले, मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या पोखरलेले पुरुष. त्यात चाळिशीतलेही असतात. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तरी गुण नाही, तेव्हाच हा पर्याय पुढे येतो. याला चोचले म्हटलं की माणूस लाजून डॉक्टरकडे जातच नाही. मग रस्त्याकडेच्या तंबूतली जडीबुटी त्याला लुबाडते, आणि ताठरता जाणं ही कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, तीही हुकते.

आता धंद्याबद्दल. फुगवता येणारं इम्प्लांट १९७३ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी आणलं. लिंगात दोन नळ्या, ओटीपोटात सलाइनची छोटी टाकी, अंडकोषाच्या पिशवीत ते सलाइन नळ्यांत भरणारा पंप, ही मूळ कल्पना आजही तीच आहे. माझ्या मते खरी मोठी सुधारणा दिसायला अगदी साधी आहे: २००१ च्या सुमारास आलेला रिफाम्पिन आणि मिनोसायक्लिन या जंतुनाशक औषधांचा इम्प्लांटवरचा लेप. जंतुसंसर्ग झाला की बहुधा सगळंच काढावं लागतं. त्याचं प्रमाण या लेपाने बरंच खाली आलं. उष्णतेने आकार बदलणाऱ्या निटिनॉल धातूचं, पंपच नसलेलं इम्प्लांट मात्र अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. ते आजच बसवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आणि सगळंच महागडं परदेशी नाही. मुंबईच्या डॉ. रूपिन शहांनी बनवलेलं देशी इम्प्लांट बरंच स्वस्त पडतं. त्यात पंप नाही. लिंग कायम कडक राहतं, कपड्यांत वाकवून ठेवायचं.

तोटे आहेतच. एकदा बसवलं की नैसर्गिक ताठरतेचा मार्ग बंद होतो, पुढे काढून टाकलं तरी गोळ्यांचा भरवसा उरत नाही. यंत्र दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागू शकतं. इच्छा वाढत नाही, लांबीही वाढत नाही, उलट थोडी कमी झाल्यासारखी वाटते. म्हणून बायकोला सोबत नेऊनच डॉक्टरांशी बोलावं, पंपाचा नमुना हातात मागून दाबून बघावा. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना तो पंप जड जातो, त्यांना वाकवायचं इम्प्लांटच बरं.