बंड्या, गुलजार आणि बुगडी

"गुलजारला ज्ञानपीठ मिळालं, ठीक आहे. पण साहित्यिक?" बंड्याने खारी चहात बुडवली आणि शिळा विषय ताजा केला. पेरूगेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर कुठलाही विषय कायमचा बंद होत नाही. "'बीडी जलइले' लिहिणारा माणूस आता कुसुमाग्रज आणि विंदांच्या पंगतीत?"

बंड्या दर २७ फेब्रुवारीला फेटा बांधून मराठीचं रक्षण करतो. उरलेलं वर्ष सोसायटीच्या फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात जातं.

"अरे, ज्ञानपीठ उर्दूसाठी मिळालंय," नंदू म्हणाला. "२००२ ची साहित्य अकादमीसुद्धा 'धुआँ'ला मिळाली होती. कथा आहेत त्या. गाण्यांना कोण देतंय?"

"पण ओळख गाण्यांचीच ना!"

वसुधा भाषांतरं करून पोट भरते, त्यामुळे असल्या वादात आधी ऐकून घेते. बंड्या ते संमती समजतो.

"गीतरामायण कोणाचं रे?" तिने विचारलं.

"हे काय विचारणं झालं? गदिमांचं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी, छप्पन्न गीतं." बंड्याला असलं सगळं पाठ.

"आणि 'बुगडी माझी सांडली गं'?"

बंड्या एकदम मन लावून चहा प्यायला लागला.

"'सांगत्ये ऐका', १९५९. चार वर्षांच्या अंतराने, तोच माणूस. वाकडेवाडीवरून जाताना तू गदिमांच्या घराकडे, 'पंचवटी'कडे बघून हात जोडतोस ना? यापुढे एकच हात पुढे करत जा. बुगडीपुरता दुसरा खिशात ठेव."

नंदूने टाळी मागितली, वसुधाने दिली. बंड्या मात्र हटला नाही. "गदिमांचं वेगळं. या गुलजारच्या सिनेमांचा सगळा माल बंगाली. 'मेरे अपने' म्हणजे तपन सिन्हांचा 'आपनजन'. 'खुशबू' शरदबाबूंची. 'नमकीन' समरेश बसूंची, 'इजाजत' सुबोध घोषांची. स्वतःचं काय?"

यादी बरोबर होती. बंड्याचं हेच तर दुखणं आहे, माहिती सगळी असते.

"हो ना," वसुधा म्हणाली, "आणि ते बंगाली वाचलं कोणी? झेलमकडच्या दीन्याचा शीख पोरगा. घरात पंजाबी, लिहायला उर्दू. दिल्लीत पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानातून टागोर आणले, तेही उर्दू भाषांतरात, आणि परत म्हणून केले नाहीत. मुंबईत गॅरेजात काम काय, तर ठोकलेल्या गाडीच्या मूळ रंगाशी जुळेल असा रंग मिसळून द्यायचा. तिथून बिमल रॉयकडे गेला, १९६३ ला 'बंदिनी'त गाणं लिहिलं. एवढ्या धावपळीत टागोर मुळातून वाचता यावेत म्हणून बंगाली शिकला."

"त्याची बायको बंगाली आहे!"

"लग्न १९७३ चं, 'मेरे अपने' १९७१ चा. आणि बायकोमुळे भाषा येत असती तर तुझी हुबळीची आहे. 'ऊट आय्ता', म्हणजे 'जेवण झालं का', याच्यापुढे कानडी काय येतं तुला?"

"तेवढं पुरतं त्याला," नंदू म्हणाला. "जेवायलाच तर घरी जातो."

बंड्याने खारीचा चहात पडलेला तुकडा चमच्याने शोधायला घेतला. वसुधाने तेवढ्यातही सोडलं नाही. "आणि तुझ्या तात्यासाहेबांच्या, कुसुमाग्रजांच्या कविता हिंदीवाल्यांकडे कोणी नेल्या? गुलजारने. अख्खं पुस्तक आहे. तात्यासाहेबांच्या वाढदिवसाला तू फेटा बांधतोस, त्याने बसून कविता उतरवल्या."

नंदूचा जीव गाण्यांपेक्षा पटकथेत. फिल्म इन्स्टिट्यूटच्या जवळपास वाढल्याचा परिणाम असावा; 'मेरे अपने'मधली निम्मी पोरं इन्स्टिट्यूटचीच, हे तो अनोळखी माणसालाही सांगतो. तो म्हणाला, "मला विचाराल तर एकटा 'कोशिश' घ्या. नवराबायको दोघं मूकबधिर. बाळाला ऐकू येतं का बघायला त्याच्यापुढे खुळखुळा वाजवतात. बाळ ढिम्म. घाबरून डॉक्टरकडे पळतात, तर खुळखुळाच वाजत नसतो. आणि ते यांना कळणार कसं? यांना कुठे ऐकू येतंय! या सगळ्यात संवाद कुठाय? १९७२ चं पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक उगाच नाही दिलं."

यावर बंड्याही गप्प बसला. जया भादुरीचं नाव निघालं की तो तसाही मवाळ होतो.

"पण कवितेत," नंदू पुढे म्हणाला, "चंद्र फार झालाय त्याचा. उघडलं पान की चंद्र."

"ते मात्र खरं," वसुधाने लगेच मान्य केलं. "मधेमधे अमावस्या पाळायला हवी होती."

एवढ्यात मला आठवलं. "बंड्या, रोज पहाटे ग्रुपवर गुलजारच्या ओळी कोण टाकतं रे?"

नंदूने फोन काढलाच. मावळत्या सूर्याचा फोटो, त्यावर नातीगोती आणि चहा यांच्याबद्दल चार ओळी, खाली ठळक अक्षरांत 'गुलजार'.

वसुधाने चष्मा वर करून वाचलं. "हे त्याचं नाही."

"कशावरून?" बंड्या दुखावला. "मला तर फार आवडलं होतं."

"त्यावरूनच."

चहावालासुद्धा हसला. बंड्याला आता कोणावर तरी घसरायचं होतं, आणि मी समोरच होतो. "तू बोलूच नकोस! कॉलेजच्या एकांकिकेतलं तुझं गाणं मी कापलं, तेव्हापासून तू झाडून सगळ्या गीतकारांचा वकील झालायस."

"कापलंसच! आणि तुझी स्वगतं? एक तरी कापलंस?"

"वेळ संपत आली होती!"

"तुझ्या स्वगतांनीच संपत आणली होती!"

"थांबा रे," वसुधा म्हणाली. "आधी मला सांगा, त्या गाण्यात चंद्र होता का?"

मी चहाच्या पैशांसाठी खिसा चाचपायला लागलो.

"एका कडव्यात दोन होते," बंड्या म्हणाला. "म्हणून तर कापलं!"

नंदूला ठसका लागला, आणि ज्ञानपीठाचं पुढे काय झालं ते विचारायच्या स्थितीत कोणी राहिलं नाही.