हसणार नसशील तर सांगते

"मावशी, हसणार नसशील तर एक सांगते."

गेल्या आठवड्यात रात्री भाचीचा फोन आला, तो या वाक्याने. गेली एकोणीस वर्षं मी आकाश बघते आहे. या काळात ज्यांनी ज्यांनी मला "काहीतरी वेगळंच दिसलं" म्हणून सांगितलं, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशीच होती. आधी माफी, मग हकीकत.

तिची हकीकत छोटी होती. प्रकाशाचा एक ठिपका हळूहळू सरकत आला, थांबला, जरासा डुलला आणि विझला. आवाज अजिबात नाही. मी विचारलं, किती वाजता? "रात्री, जेवणं झाल्यावर." कुठल्या दिशेला? "समोरच्या इमारतीच्या वर." किती वेळ? "पाच मिनिटं... नाही, दोन असतील." तोपर्यंत तिने तीन मैत्रिणींना सांगून झालं होतं. त्यातल्या एकीने पाठवलेला व्हिडिओही बघून झाला होता, आणि त्या व्हिडिओतलं वर्णन तिच्या बोलण्यात शिरलं होतं. सुरुवातीला पांढरा असलेला ठिपका फोन ठेवेपर्यंत हिरवट झाला.

मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. मुलीने खरंच काहीतरी पाहिलं होतं. ती खोटं बोलत नव्हती, घाबरटही नाही. पण ते जे काही होतं, ते दोन तासांत हरवलं. आता ते काय होतं हे तिला, मला, कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. आकाशात न कळणारा, हलणारा प्रकाश दिसला, तर आधी लिहा. कुणाला सांगण्याआधी आणि मोबाइलवर शोधण्याआधी. वेळ, दिशा, उंची, किती सेकंद. बाकी सगळं नंतर.

एवढा आग्रह का, ते सांगते.

अंधारात एकटाच तारा टक लावून बघत राहिलात तर तो हलायला लागतो. खरंच हलताना दिसतो. आजूबाजूला तुलना करायला काही नसतं, आणि डोळा तर कधीच पूर्ण स्थिर नसतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्या कसलेल्या निरीक्षकाला १७९९ मध्ये तारे असे डुलताना दिसले. ते ताऱ्यांचंच हलणं आहे असं समजून त्याने त्याला नावही दिलं. हा बघणाऱ्याच्या बाजूचा खेळ आहे हे लक्षात यायला १८५७ साल उजाडलं. तेव्हा "माझ्या डोळ्यांनी पाहिलं" हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं. त्यात बघणाऱ्याच्या अकलेचा काही दोष नाही.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने याच भासाचा प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत माणसं बसवली, प्रकाशाचा एक स्थिर ठिपका दाखवला आणि तो किती सरकला असं विचारलं. एकट्याने बघताना प्रत्येकाचा आकडा निराळा यायचा. मग दोघातिघांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तरं द्यायला लावली, आणि हळूहळू सगळ्यांचे आकडे जवळ आले. नंतर पुन्हा एकट्याला विचारलं तरी तो गटाचाच आकडा धरून राहायचा. कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. आणि ठिपका तर मुळात हललाच नव्हता!

आता "आम्ही चौघांनी पाहिलं आणि चौघांचं एकमत आहे" हे वाक्य परत वाचा. ते चौघं आधी आपसात बोलले असतील, तर ते चार साक्षीदार नव्हेत. चौघांनी आधी आपापल्या कागदावर लिहिलं आणि मग कागद जुळवले, तर मात्र मी कान टवकारून ऐकेन.

दुसरं उदाहरण माझ्या फार आवडीचं. १९६८ च्या ३ मार्चला सोव्हिएत झोंड-४ यानाच्या मोहिमेतले अवशेष अमेरिकेच्या बऱ्याच मोठ्या भागावरून जळत गेले. हजारोंनी पाहिलं असेल. बऱ्याच जणांनी अगदी बरोबर सांगितलं की एकामागून एक जळणारे तुकडे चालले होते. पण काहींनी सिगारच्या आकाराचं एक लांबट यान पाहिलं. त्याला चौकोनी खिडक्या होत्या, आत उजेड होता आणि ते अगदी खालून गेलं. उडत्या तबकड्यांच्या बातम्या तपासणाऱ्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या समितीने ही वर्णनं नोंदवून ठेवली आहेत. वेगवेगळे दिवे एका रेषेत, एका वेगाने चालले की मन त्यांच्यामधला अंधार भरून काढतं. त्या अंधाराचं शरीर होतं आणि दिव्यांच्या खिडक्या होतात. २०२२ च्या २ एप्रिलला महाराष्ट्राच्या आकाशातून जळत गेलेले दिवे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. एका चिनी रॉकेटचा टप्पा होता तो. चंद्रपूर जिल्ह्यात धातूचं भलंमोठं कडं पडलं, म्हणून प्रकरण लवकर उलगडलं. काही पडलं नसतं तर?

हा अंधार भरून काढण्याचा प्रकार मी स्वतः केला आहे. २०११ च्या हिवाळ्यात, चांगल्या काळोख्या आकाशाखाली, शर्मिष्ठा या तारकासमूहाजवळून तीन अंधुक ठिपके त्रिकोण करून सरकताना मला दिसले. तिघांमधलं अंतर तेच, वेग तोच, आवाज नाही. अंगावर काटा आला होता. पुढे कितीतरी वर्षं मी तो प्रसंग "एक प्रचंड काळा त्रिकोण माझ्या डोक्यावरून गेला" असाच सांगत होते, आणि मनापासून सांगत होते. मग एकदा जुन्या वह्या चाळताना त्या रात्रीचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "तिन्हींच्या मधून दोन तारे सतत दिसत राहिले." मधून तारे दिसत होते. म्हणजे मध्ये काहीच नव्हतं. काळा त्रिकोण माझ्या आठवणीने नंतर बांधला होता, आणि तो पाडायला त्या एका ओळीशिवाय दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. अशी त्रिकुटं खरी असतात, हे तोपर्यंत मला कळलं होतं. समुद्रावरच्या जहाजांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने १९७० च्या दशकापासून तीन-तीन उपग्रह एकत्र फिरवले, चीननेही पुढे तसेच सोडले. साधारण ११०० किलोमीटर उंचीवरून जाणारी ती तीन वेगळी यंत्रं. मी पाहिलेली नेमकी कुणाची, ते मी सांगू शकत नाही. मिनिट लिहिलं नव्हतं.

अंतराचंही तसंच. काळ्या आकाशातल्या प्रकाशाच्या ठिपक्याचं अंतर डोळ्यांना कळत नाही. कळणारच नाही, कारण दोन डोळ्यांमधल्या इवल्याशा फरकाचा उपयोग जवळच्या वस्तूंपुरताच. म्हणून "शंभर फुटांवर होता", "विमानापेक्षा कितीतरी वेगात गेला" या वाक्यांवर मी फारसं विसंबत नाही. अंतर ठाऊक नसेल तर वेगही ठाऊक नसतो, आकारही नसतो. पण "चार सेकंदांत दोन मुठी सरकला" हे सोनं आहे. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, करंगळी म्हणजे एक. हे माप शरीरालाच चिकटलेलं आहे, विसरायची सोय नाही.

बहुतेक ठिपके एवढ्यावर ओळखता येतात. न लुकलुकता, सरळ रेषेत, चार-सहा मिनिटांत आकाश पार करणारा म्हणजे उपग्रह. फार तेजस्वी असेल तर बहुधा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, तो सूर्याच्या उजेडाने चमकतो. म्हणून संध्याकाळनंतरचे एकदोन तास आणि पहाटेपूर्वीचे एकदोन तास हा त्यांचा खास वेळ. संध्याकाळी पूर्वेकडे जाता जाता तो मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि भर आकाशात विझतो. "कुठे गेला?" असं विचारणाऱ्याने ग्रहणच पाहिलेलं असतं, एका उपग्रहाचं. ठरावीक सेकंदांनी चमकत जाणारा ठिपका असेल तर ते बहुधा गडगडत फिरणारं जुनं रॉकेट. मण्यांच्या माळेसारखी ओळ दिसली तर नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह. मे २०१९ मध्ये पहिले ६० एकदम सोडले गेले, तेव्हापासून ही माळ नित्याची झाली. तुमच्याच दिशेने येणारं विमान मिनिटच्या मिनिटं एका जागी टांगल्यासारखं दिसतं आणि वळलं की एकदम पळतं. आणि शुक्र. क्षितिजाजवळचा शुक्र भल्याभल्यांना फसवतो. लडाखमध्ये २०१२-१३ च्या हिवाळ्यात सैनिकांना सरहद्दीवर रोज दिसणारे दिवे हेरगिरी करणारी यंत्रं वाटली होती. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. ही बातमी पुष्कळांनी थट्टेने पुढे पाठवली होती. मला ती थट्टा बिलकूल आवडली नाही. बर्फात उभ्या असलेल्या त्या माणसांनी ३०० हून अधिक वेळा नोंद केली होती. नोंद होती, म्हणून उत्तर निघालं.

मोबाइलच्या व्हिडिओवर फार भरवसा ठेवू नका, एवढं जाता जाता. अंधारात फोकस चुकला की साध्या ताऱ्याची फुगलेली, थरथरणारी तबकडी होते. व्हिडिओ जरूर घ्या, पण चौकटीत एखादं छप्पर किंवा झाडाचा शेंडा येऊ द्या.

आता थट्टा करणाऱ्यांशी बोलायचं आहे, कारण माझा खरा राग तिथे आहे. "विमान असेल", "दमलेली असशील" असं न ऐकताच सांगणारा माणूस स्वतःला विज्ञानाच्या बाजूचा समजतो. विज्ञानाचा इतिहास त्याच्या बाजूचा नाही. आकाशातून दगड पडतात असं खेडुत सांगायचे आणि शिकलेले लोक मान हलवायचे. १७९४ मध्ये क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने असे दगड खरेच अवकाशातून येतात असं लिहिलं, तेव्हाही फार कुणाला पटलं नाही. मग १८०३ च्या २६ एप्रिलला फ्रान्समध्ये लेग्ल या गावाजवळ हजारो दगड पडले. तिथल्या विज्ञान अकादमीने झाँ-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला तिथे पाठवलं. तो गावोगाव फिरला, माणसांचं बोलणं ऐकून लिहून घेतलं, दगड कुठे कुठे पडले ते पाहिलं. त्या अहवालानंतर वाद जवळजवळ संपला. त्याने ऐकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेही फार जुनं वाटत असेल तर १९८९ घ्या. ढगांच्या वर, अंतराळाच्या दिशेने लाल झळाळ्या उठतात असं वैमानिक कित्येक वर्षं सांगत होते, आणि त्यांचं कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. त्या वर्षी ६ जुलैला मिनेसोटा विद्यापीठातले शास्त्रज्ञ वेगळ्याच कामासाठी अंधुक उजेडात चालणारा कॅमेरा तपासत होते. दूरच्या वादळावरचे प्रकाशाचे दोन प्रचंड स्तंभ त्यात अचानक सापडले. आज त्यांना स्प्राइट म्हणतात. ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, काही सहस्रांश सेकंदांपुरते ते उमटतात. त्यापूर्वी किती जणांनी ते पाहिले असतील आणि हसतील म्हणून गप्प बसले असतील!

नॉर्वेतल्या हेसडालेन खोऱ्यातल्या लोकांना १९८१ च्या अखेरीपासून पुढची दोन-अडीच वर्षं सतत तरंगते दिवे दिसत होते. तिथे कुणी थट्टेवर थांबलं नाही की देवळं बांधली नाहीत. १९८४ मध्ये संशोधक थंडीत यंत्रं घेऊन बसले, १९९८ मध्ये कायमचं स्वयंचलित केंद्र उभं राहिलं. काही दिवे गाड्यांचे निघाले, काही विमानांचे. थोडे अजून उरले आहेत आणि त्यांच्याबद्दल बरीच अनुमानं आहेत. मला हे वागणं फार सभ्य वाटतं.

माझ्या वह्यांमध्ये "कळलं नाही" असा शेरा मारलेल्या ४१ नोंदी होत्या. उपग्रहांच्या वेळा, विमानांचे मार्ग, ग्रहांच्या जागा ताडून बघत बघत त्यातल्या ३८ सुटल्या. तीन राहिल्या. एकीत दक्षिणेला, दोन मुठी उंचीवर, पिवळसर प्रकाश चार मिनिटं स्थिर होता, मग मूठभर वर चढला आणि गेला. त्या तिन्हींना परग्रहावरचे पाहुणे म्हणायला मी तयार नाही, आणि उगाच "फुगा असेल" म्हणून खोडायलाही तयार नाही. शेरा तोच आहे.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. फक्त म्हटलं, एक वही कर आणि मूठ कशी मोजायची ते शिक. चार दिवसांनी तिने पानाचा फोटो पाठवला: "७.१२. नैर्ऋत्येकडून आला. डोक्यावरून थोडा उत्तरेला. ईशान्येला चार मुठींवर विझला. ३ मि. ४० से. पांढरा. कुणाला सांगितलेलं नाही." आम्ही वेळा ताडून बघितल्या. अंतराळ स्थानक होतं, विझलं तेव्हा सावलीत शिरलं होतं. ती इतकी खूश झाली की मलाही पुन्हा पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटलं.

मग तिने विचारलं, "म्हणजे त्या दिवशीचंही तेच होतं का?" मी म्हटलं, असेल, नसेल. ते तर डुललं होतं, थांबलं होतं, असं तूच सांगितलंस. ती जरा वेळ गप्प बसली. त्या रात्रीचं पान तिने नंतर वहीच्या सुरुवातीला लावलं, आठवेल तेवढंच लिहून. रंगापुढे "पांढरा" आहे, आणि वेळेच्या जागी नुसती रेघ.