डीएनएस बदलला की साइट उघडतेच असं नाही

कोथरूड-हडपसरच्या सोसायटी ग्रुपवर सल्ला फिरतोय: साइट उघडत नसेल तर सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ (हा गूगलचा) टाका, हमखास चालेल. हे अर्धवट आहे. डीएनएस फक्त साइटच्या नावावरून सर्व्हरचा, म्हणजे ती चालवणाऱ्या संगणकाचा, आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) शोधून देतो. पडद्यावर 'डीएनएस प्रोब'ने सुरू होणारा कोड असेल तर हा उपाय जरूर करा; पण त्याआधी टाइप केलेल्या साइटच्या नावाचं स्पेलिंग तपासा. ५०२, ५०३ किंवा ५०४ हा एरर कोड दिसला, तर पत्ता सापडलाय, उत्तरही आलंय. बिघाड पलीकडे, साइटच्या बाजूला आहे. मालमत्ता कराच्या सवलतीच्या शेवटच्या दिवशी असं झालं, तर राउटर बंद-चालू करून काहीच साधत नाही. म्हणून कर चार दिवस आधीच भरा. 'टाइम्ड आउट' (वेळेत उत्तर मिळालं नाही) आलं तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथे उघडली, तर दोष राउटरमध्ये किंवा घरच्या इंटरनेट कंपनीकडे.