पेल्यात चढणारे पाणी ऑक्सिजन मोजत नाही

ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा घातलेला काचेचा पेला हा प्रयोग शालेय विज्ञान प्रदर्शनांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफितींत नेहमी दिसतो. सोबतचे स्पष्टीकरणही ठरलेले असते: मेणबत्ती पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपवते, त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत पाणी शिरते आणि ते पेल्याच्या एक पंचमांश भागापर्यंत चढत असल्यामुळे हवेत २१ टक्के ऑक्सिजन असल्याचे सिद्ध होते. हवेतले हे प्रमाण खरे आहे. बाकी काहीही टिकत नाही.

सगळा ऑक्सिजन संपतो, हे पहिले विधान घेऊ. बंदिस्त हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरले की मेणबत्तीची ज्योत तग धरू शकत नाही. म्हणजे ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजनचा मोठा भाग पेल्यात शिल्लकच असतो.

दुसरे विधान मोकळ्या जागेचे. ज्योतीत जळते ती वितळून वातीवाटे वर चढलेल्या मेणाची वाफ, आणि हे मेण म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे. २५ कार्बन अणूंचा पॅराफिनचा, म्हणजे या मेणाचा, एक रेणू पूर्ण जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू वापरतो आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६ रेणू तयार करतो. पाण्याची वाफ काचेवर धुके होऊन साचते, पण कार्बन डायऑक्साइड वायुरूपातच राहतो. तो पाण्यात विरघळतो खरा, मात्र इतक्या थोड्या वेळात फारसा नाही. हवेच्या १०० भागांतले ऑक्सिजनचे ५ भाग खर्च झाले, तर सुमारे ३.३ भाग कार्बन डायऑक्साइड त्या जागी येतो आणि निव्वळ घट दोन भागांचीही होत नाही.

मग पाणी एवढे चढते कशामुळे? याचे उत्तर प्रयोगातच दिसते, फक्त पाण्याची पातळी केव्हा बदलते याकडे नीट लक्ष द्यायला हवे. पेला खाली आणताना ज्योतीभोवतीची तापलेली, प्रसरण पावलेली हवा त्यात भरते आणि काठ पाण्यात टेकल्यावर काही वेळा काठाखालून बुडबुडेही बाहेर पडतात. ज्योत चांगली जळत असते तोवर पाणी जेमतेम हलते. ती मंदावून विझली की मात्र ते झपाट्याने वर येते. ऑक्सिजनचा खर्च हे मुख्य कारण असते, तर पाणी मेणबत्ती जळत असतानाच सावकाश चढायला हवे होते. प्रत्यक्षात आतली हवा निवते, आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ८० अंश सेल्सिअसची हवा २० अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे १७ टक्क्यांनी घटते.

एक पंचमांशाचा भास होतो तो या आकड्यामुळे, आणि तो योगायोग आहे. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी अधिक चढते, हवेतला ऑक्सिजन तेवढाच असूनही. हे एकच निरीक्षण मूळ दावा मोडीत काढायला पुरेसे आहे, आणि शिक्षकांनी ते मुलांना आवर्जून करून दाखवावे.

ऑक्सिजनचे प्रमाणच मोजायचे असेल, तर ओल्या परीक्षानळीच्या आतून लोहकीस चिकटवून ती पाण्यात पालथी उभी करावी आणि काही दिवस तशीच ठेवावी. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेते, त्याच्या बदल्यात कोणताही वायू सोडत नाही आणि हवा तापवतही नाही, म्हणून तिथे पाणी खरोखरच सुमारे एक पंचमांशापर्यंत चढून थांबते.